वन-ऑन-वनने (मॅनेजर आणि टीममधला एक जण, दोघांचीच ठरलेली बैठक) माणसं टिकतात का?

सिंहगडरोडकर: पुण्यात आयटीत 14 वर्षं झाली, 6 वर्षं टीम सांभाळतोय. 2022 मध्ये सगळीकडेच माणसं धडाधड राजीनामे टाकत होती. इन्फोसिसचा गळतीचा दर त्या जूनच्या तिमाहीत 28.4 टक्क्यांवर गेला होता. माझ्या नऊ जणांमधले चार गेले. त्यातल्या एकीला आठ महिन्यांपासून टेस्टिंग सोडून डेव्हलपमेंटला यायचं होतं, हे मला तिच्या एक्झिट इंटरव्ह्यूनंतर कळलं. आम्ही दर सोमवारी बोलायचो, पण मी विचारायचो फक्त ‘तिकीट कुठवर आलं?’, म्हणजे नेमून दिलेलं काम. आता दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसतो. लॅपटॉप बंद, कामाचा हिशोब नाही. ‘सध्या काय नकोसं झालंय?’ इथून सुरुवात. निघेल ते वहीत लिहितो आणि पुढच्या वेळी तेच पान उघडतो. 90 दिवसांची नोटीस सुरू झाल्यावर मनधरणी करून काही हाती लागत नाही.

मोरपीस: अजिबात पटलं नाही. लोक पगारासाठी जातात. आत 8 टक्के हाइक आणि बाहेर 40 टक्के मिळत असेल, तर घराचा हप्ता गप्पांनी फिटत नाही. आणि बोलण्याची किंमतही मोजावी लागते. माझे मॅनेजर दर शुक्रवारी कॅन्टीनमध्ये चहा घेत आपुलकीने चौकशी करायचे. वडिलांच्या डायलिसिसचं मी विश्वासाने सांगितलं. अप्रेझलला रेटिंग घसरलं, कारण लिहिलं ‘उपलब्धता कमी’. तेव्हापासून माझं उत्तर एकच, ‘सगळं ठीक आहे.’

सिंहगडरोडकर: ताई, हा सरळ विश्वासघात आहे. तिथलं बोलणं रेटिंगमध्ये येताच कामा नये. पगाराचं म्हणाल तर बजेट माझ्या हातात नसतं. यंदा वाढ होणार नाही हे मी आधीच स्पष्ट सांगतो, आशेवर ठेवत नाही.

चाकणवाला: माझ्या लाइनवर 42 जण. अर्ध्या तासाने धरलं तरी 21 तास, कुठून आणू? मी शिफ्ट सुटताना मशीनजवळच पाच मिनिटं उभा राहतो. लातूरचा एक पोरगा गावी परत निघाला होता. रूमवरचे सगळे दिवसपाळीचे, हा रात्रपाळीचा. ते सुट्टीला घरी असले की याची झोप व्हायची नाही, स्वयंपाकाची पाळीही चुकायची. त्याची पाळी बदलून दिली. दीड वर्ष झालं, आहे अजून.

मोरपीस: म्हणजे दादा, तो पाळी बदलली म्हणून टिकला, तुम्ही बोललात म्हणून नाही.

चाकणवाला: बरोबर. पण उभा राहिलो नसतो तर कळलं असतं का? हजेरीपटावर फक्त खाडे दिसत होते.

एचआरमधली: इंटेल या चिप कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह सांगायचे की ही बैठक हाताखालच्या माणसाची, विषयही त्यानेच ठरवायचे. आमच्याकडे मॅनेजर फॉर्म समोर ठेवून रकाने भरत बसतात, म्हणून माणसं तोंड उघडत नाहीत. मोरपीस, तुमच्याबाबतीत जे झालं त्याची तक्रार व्हायलाच हवी होती.

मोरपीस: तक्रार कुणाकडे करणार? रेटिंग त्यांच्याच हातात. सिंहगडरोडकर, एक सांगा. त्या मुलीने तुम्हाला वेळेत सांगितलं असतं, तर तिला डेव्हलपमेंटला घेणं तुमच्या हातात होतं का?

सिंहगडरोडकर: होतं. माझ्याच प्रोजेक्टवर दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांच्यासाठी मी बाहेरच्या लोकांच्या मुलाखती घेत होतो.