सोसायटीच्या ग्रुपवर (नावांच्या जागी फ्लॅट नंबर): स्टेअरिंग जड होतंय, रॅक बदलू का?

सी-३०४: गाडी लावताना स्टेअरिंग दगडासारखं. वेगात ठीक. गॅरेजवाला म्हणतो रॅक, म्हणजे चाकं वळवणारा आडवा भाग, बदला.

ए-१०२: थांबा काका. टायरची हवा तपासली? ती ठीक असेल तर बॉनेट उघडा. पॉवर स्टेअरिंग ऑइलची बाटली आहे का?

सी-३०४: आहे. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, वर फेस.

ए-१०२: फेस म्हणजे पंप हवा ओढतोय. वळवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल. हे ऑइल जळून संपत नाही, गळतंच. जाड होजचा क्रिंप (दाबून बसवलेला धातूचा जोड) आणि पंपाच्या पुलीमागची बाजू ओली आहे का बघा. मग रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट (घड्यांची आवरणं) दाबून बघा, आत ऑइल साचलंय का.

बी-६०१: बेल्टही बघा. पूर्ण वळवल्यावर चीं असं किंचाळत असेल तर तो घसरतोय.

ए-१०२: बरोबर. ऑइल मात्र झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून खराब होतात. गळती बंद केल्यावर हवा काढायची: पुढची चाकं स्टँडवर, इंजिन बंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा. मध्येमध्ये ऑइल भरत राहा. फेस थांबला की इंजिन चालू करून पुन्हा. टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

ए-२०५: आमचं पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, बाटलीच नाही. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागतो मधूनच.

बी-६०१: ताई, आधी बॅटरी. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. हेडलाइट लावून जागेवर वळवा. व्होल्टेज धाडकन पडलं तर टर्मिनल, अर्थिंग, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासा. बिघाडाचे कोड वाचायला स्टेअरिंगचं युनिट वाचणारा स्कॅनर लागतो, स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनचे कोड दाखवतात. आणि लागोपाठ बरेचदा टोकापर्यंत फिरवलं तर मोटर तापून मदत कमी करते. थंड झाली की पूर्ववत. तो बिघाड नव्हे.

ए-१०२: दोन्ही प्रकारांत एक चाचणी: चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून फिरवा. ठरावीक जागीच अडकलं तर कॉलमखालचा (स्टेअरिंगच्या दांड्याखालचा) क्रॉस, म्हणजे सांधा, बघा. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या) वरचं बेअरिंग.

सी-३०४: उजवा बूट दाबला. आत ऑइलची चुळूक.

ए-१०२: मग रॅकचं सीलच गेलंय. तरी लगेच नवा रॅक नको. आधी खोलून रॉड बघायला सांगा: गुळगुळीत असेल तर सील किटवर भागेल, गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

सी-३०४: बूट काढतील तेव्हा समोर उभा राहतो.