एनबीए बास्केटबॉल: डेन्व्हर नगेट्सच्या बेंचचं (राखीव खेळाडूंचं) गणित, मदत हवी आहे

मंडळी, जरा समजवा. २०२५ च्या समरमध्ये मायकल पोर्टर ज्युनियर देऊन आपण कॅम जॉन्सन आणला, वर बॅकअप सेंटर वालान्च्युनस, हार्डवे ज्युनियर आणि ब्रूस ब्राउनची घरवापसी, म्हणजे बेंच कागदावर तरी भरल्यासारखी वाटते. पण आपला स्टार सेंटर योकिच बेंचवर बसला की इतकी वर्षं लीड पाण्यात जायची, तिथे वालान्च्युनस खरंच पुरेल का? पोस्टमध्ये (बास्केटजवळ) भारीच आहे तो, पण पिक अँड रोलवर (एक जण डिफेंडरला अडवून बास्केटकडे वळतो, ती चाल) डिफेन्स करताना पाय जड वाटतात हो, मग समोर फास्ट गार्ड असेल तर काय करायचं? आणि योकिच-वालान्च्युनस दोघांना एकत्र खेळवणं म्हणजे वेडेपणा की चालेल?

ब्रूस ब्राउन आणि ख्रिश्चन ब्राउन, ४८ मिनिटांत दोघांना किती द्यायची? (कॉमेंट्री ऐकून कुठला ब्राउन तेच कळत नाही राव.) मॅच सकाळी, सेकंड हाफ लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर, त्यामुळे रोटेशन (कोण कधी आत-बाहेर) नीट बघताच येत नाही. कोणी फुल मॅच बघतं का?