पाश्चात्य अभिजात संगीत: ख्यालाच्या कानाने सुरुवात कुठून करावी?

जवारी
मंडळी, सल्ला हवाय. आयुष्यभर ख्याल ऐकत आलोय. मल्लिकार्जुन आणि कुमार म्हणजे जीव की प्राण. लेक पियानो शिकायला लागल्यापासून घरात बाख-बेथोवन सुरू झालेत. हौसेने बेथोवनची पाचवी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) लावली. सुरुवातीचे ते चार सूर ओळखीचे, पण पुढे सगळी वाद्यं एकदम बोलायला लागली की सम कुठे तेच कळेना. काय ऐकू? या लोकांच्या आयुष्याबद्दलही वाचायचंय, पण 'बहिरा झाला, गरिबीत मेला' एवढ्यावर संपणारं नको.

अधलामधला
हायडन! फेअरवेल सिंफनी, क्र. ४५, १७७२ सालची. एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी होता तो. धनी उन्हाळी महालातून हलायचं नाव घेईनात आणि वादकांची बायकापोरं तिकडे आयझेनश्टाटला. हायडनने शेवटच्या भागात एकेका वादकाला मेणबत्ती विझवून उठून जायला लावलं. उरली फक्त दोन व्हायोलिन्स. धनी काय ते समजले म्हणतात. नुसतं ऐकू नका, व्हिडिओ बघा.

खर्ज
हायडन झकासच, पण मी म्हणेन सिंफनीच्या वाटेला इतक्यात जाऊच नका. तुमचा कान एका सुराचा माग काढणारा आहे, त्याला एकच वाद्य द्या. बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या दुसऱ्या पार्टिटामधली (पार्टिटा म्हणजे नृत्यप्रकारांवर बेतलेल्या तुकड्यांची माळ) शाकोन लावा. साधारण चौदा-पंधरा मिनिटं. तीन-तीन मात्रांचे चार बार, म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन समजा, आणि उठाण दुसऱ्या मात्रेवरून. हेच आवर्तन शेवटपर्यंत नवनवीन रूपात फिरत राहतं. निम्म्याहून थोडं पुढे गेलात की षड्ज तोच, पण कोमल गंधार जाऊन शुद्ध लागतो. तिथे तुम्ही दाद दिल्याशिवाय राहणार नाही. मग कोमल परत येतो.

आता चरित्राचं. १७२० मध्ये बाख आपल्या राजाबरोबर कार्ल्सबादला गेला असताना मागे त्याची बायको मारिया बार्बरा वारली. परतला तेव्हा दफनही झालेलं होतं. हस्तलिखितावर साल १७२०च. झालं, शाकोन म्हणजे तिच्यासाठी केलेला विलाप, असं जो तो सांगतो. दोन्हींचा संबंध जोडणारा पुरावा काडीचा नाही. गोष्ट बाजूला ठेवूनच ऐका, रचनेला तिची गरज नाही.

बेथोवनने मात्र एके ठिकाणी स्वतःच लिहून ठेवलंय. १८२५ च्या वसंतात तो चांगलाच आजारी पडला, बरा झाला आणि ओपस १३२ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या चौकडीच्या, म्हणजे दोन व्हायोलिन्स, व्हिओला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनेच्या, तिसऱ्या भागावर मथळा घातला: आजारातून उठलेल्याने देवाचे मानलेले आभार, लिडियन मोडमध्ये. मोड म्हणजे आपल्या थाटासारखी स्वरांची मांडणी; लिडियन म्हणजे तीव्र मध्यम, आपला कल्याण थाट! संथ भाग तीनदा येतो, मधे दोनदा हालचाल वाढते आणि तिथे त्याने लिहिलंय, 'नवी शक्ती जाणवते आहे'. इथे चरित्र हातात धरून ऐकायला हरकत नाही.

जवारी
खर्जसाहेब, म्हणजे यमन ऐकू येणार?

खर्ज
अजिबात नाही. स्वर कल्याणचे, चलन नाही. खाली सतत स्वरसंवाद (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचे मेळ) बदलतात, त्यामुळे षड्ज कुठला याबद्दलच कान गोंधळतो. यमन शोधत बसाल तर पंधरा मिनिटं फुकट जातील.

तिसरी_घंटा
मोझार्टला त्याच्याच काळातल्या सालिएरी या संगीतकाराने विष घातलं ही भाकडकथा आहे, हे कुणीतरी सांगायला हवं म्हणून सांगते. बेथोवन, शुबर्ट, लिस्ट तिघंही सालिएरीकडे शिकले, इतकंच काय, मोझार्टचा धाकटा मुलगासुद्धा. आणि नुसती पुरुषांची यादी काय करताय? क्लारा शुमानची पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो), ओपस १७. लेक पियानो शिकतेय ना, तिलाही बसवा शेजारी.

अधलामधला
+१ क्लारासाठी. मुंबईला जाणं होत असेल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम बघा, समोर बसलं की कोण कधी वाजवतंय ते दिसतं आणि निम्मा गोंधळ मिटतो. फक्त दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, आणि 'क्या बात है' तर मनातल्या मनातच.