मदत हवी आहे: अणुकचऱ्यासाठीच्या सिरॅमिकच्या जलद चाचण्यांवर कितपत विसंबावे?

जाणकारांकडून एका मुद्द्याचा उलगडा हवा आहे. प्लुटोनियमसारखी दीर्घायुषी मूलद्रव्ये काचेत विरघळवण्यापेक्षा सिरॅमिकच्या स्फटिकरचनेतच बसवावीत, ही भूरसायनशास्त्रज्ञ रिंगवुड यांनी १९७८ च्या सुमारास सिनरॉकच्या (खनिजांच्या धर्तीवर बनवलेल्या कृत्रिम खडकाच्या) रूपाने मांडलेली कल्पना मला पटते. सिनरॉकमधल्या झिरकोनोलाइट या खनिजाने निसर्गात युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षे धरून ठेवल्याचे नमुने आहेत, तेव्हा आधारही भक्कम आहे. घोडे अडते ते पुढे.

प्लुटोनियम-२३९ च्या ऱ्हासात सुमारे ५० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा अल्फा कण बाहेर पडतो. पण स्फटिकाची खरी मोडतोड करते ते त्याच्या धक्क्याने मागे फेकले जाणारे युरेनियमचे केंद्रक. त्याची ऊर्जा जेमतेम ८६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट असली, तरी अगदी थोड्या अंतरात ते हजाराहून अधिक अणू जागचे हलवते. हे नुकसान साचत गेले की पदार्थ अस्फटिक होतो (म्हणजे त्यातली अणूंची नियमित मांडणी मोडते) आणि फुगतो; झिरकॉन या खनिजाचे आकारमान तर सुमारे १८ टक्क्यांनी वाढते.

२४,१०० वर्षांच्या अर्धायुष्याची वाट पाहता येत नसल्याने प्रयोगशाळेत ८७.७ वर्षे अर्धायुष्याचे प्लुटोनियम-२३८ किंवा १८.१ वर्षांचे क्युरियम-२४४ मिसळून तेवढेच ऱ्हास काही वर्षांत घडवून आणतात. माझी शंका इथेच आहे. या घाईत विस्थापित अणूंना आपापल्या जागी परतायला फारसा अवधी मिळत नाही, तर निसर्गातल्या नमुन्यांना, युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे असल्यामुळे, तो भरपूर मिळालेला असतो. प्रत्यक्षातला कचरा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. मग जलद चाचणीचा निष्कर्ष निराशेकडे आणि खनिजांचा आशेकडे झुकलेला मानावा, की साठवणुकीच्या तापमानाला एकूण मात्राच (म्हणजे घडलेल्या ऱ्हासांची एकूण संख्या) निर्णायक ठरते आणि वेगाचा परिणाम नगण्य असतो?

दुसरे असे, की अस्फटिक होणे म्हणजे लगेच पाण्यात विरघळू लागणे नव्हे. परंतु फुगवट्याने बारीक भेगा पडल्या, तर पाण्याला भिडणारे पृष्ठफळ वाढणारच. ९० अंश सेल्सिअसला काही आठवडे चालणाऱ्या निक्षालन चाचणीत (पदार्थातून पाण्यात किती मूलद्रव्ये उतरतात हे मोजणाऱ्या) हा परिणाम वेगळा कसा काढतात?

गॅडोलिनियम झिरकोनेट हे दुसरे सिरॅमिक अशा माऱ्यात सहसा अस्फटिक होत नाही, हे ठाऊक आहे. कृपया तेवढे सुचवून थांबू नये. एकाच रासायनिक घडणीचे सिरॅमिक, एकाच तापमानाला, निरनिराळ्या वेगांनी मात्रा देऊन तपासल्याची माहिती कोणाकडे असेल, तर ती इथे द्यावी.