मदत हवी आहे: हाताने बनवलेला सुगंधी साबण कोण वापरतं?

लॅव्हेंडर तेल घातलेला, कोल्ड प्रोसेसने (तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता मिसळून) बनवलेला साबण सध्या आंघोळीला वापरतेय. फेस बारीक आणि दाट, सायीसारखा. गरम पाण्याच्या वाफेत वास असा काही दरवळतो की बाथरूममधून बाहेर यावंसं वाटत नाही. पण टॉवेलने अंग पुसेपर्यंत वास गायब! सुगंधी तेलं उडून जाणारी असतात, त्यामुळे दिवसभर वास टिकावा अशी अपेक्षा नाही, पण तासभर तरी?

दुसरं, वडी फार लवकर विरघळते. यात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते ओलावा धरून ठेवतं, हे माहीत आहे. जाळीच्या साबणदाणीत उभी ठेवते, तरी खालची कड गिळगिळीत होतेच. असा साबण ४ ते ६ आठवडे सुकवून मग वापरायचा असतो म्हणतात. माझी वडी कच्ची असेल का? घरीच आणखी सुकवली तर फरक पडेल?

आणि खरी काळजी ही की कोपराच्या आतल्या बाजूला हलकी खाज येते. पुरळ नाही, लाली नाही. साबण म्हटला की पीएच ९-१०, म्हणजे अल्कधर्मी, असणारच, त्यामुळे कोरडेपणा असू शकतो. पण लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या सुगंधी घटकाचा हवेशी संपर्क येऊन काहींना अ‍ॅलर्जी होते, असंही आहे. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे उत्तर कृपया नको.

तूर्त वापर थांबवलाय. बिनवासाची वडी वापरून कोणी फरक पाहिलाय का? खाज वासामुळे की साबणामुळे, हे कसं ओळखलंत?