तातडीने मदत हवी : प्लाय की एचडीएचएमआर? सुतार सोमवारी येतोय

हळदीचं_दूध : घराचं काम काढलंय, जुनं सगळं तोडून झालंय. सुतार म्हणतो एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला, ओल सोसणारा बोर्ड) घ्या, नवरा म्हणतो प्लायच. दुकानात उद्या माल सांगायचाय. एका ओळीत सांगा, वाद नकोत.

रंधा_पटाशी : कशासाठी? ओट्याखाली की कपाटाला? गाव कुठलं?

हळदीचं_दूध : दोन्हीला! ओट्याखाली ट्रॉल्या आणि बेडरूममध्ये भिंतभर कपाट, पार छतापर्यंत. डोंबिवली.

कडप्पाच_बरा : आमच्या ओट्याखाली १९९१ पासून कडप्प्याचे कप्पे आहेत. दारं तेवढी दोनदा बदलली. पाणी नाही लागत, वाळवी नाही लागत. तुम्ही तोडलेत की काय?

हळदीचं_दूध : तोडलं म्हणून वर लिहिलंय ना हो.

रंधा_पटाशी : एका ओळीत बसणार नाही, माफ करा. ओट्याखालचे सांगाडे १८ मिमी प्लायचे करा, आयएस ७१० चा (म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून. तो नुसता छापलेलाही असतो, म्हणून बिलावर लिहून घ्या. कपाटाची उंच दारं मात्र प्लायची वाकतात, तिथे सुतार म्हणतो ते बरोबर आहे. आणि लॅमिनेट आतूनही लावा. एकाच बाजूने लावलं तर दाराचं धनुष्य होतं.

ठाणे_पूर्व : सांगाडे हवेतच कशाला? सरळ स्टीलच्या ट्रॉल्या घ्या. ३०४ (चांगलं, सहसा न गंजणारं स्टील) आहे का ते लोहचुंबक लावून बघायचं, चिकटला नाही की ३०४.

रंधा_पटाशी : २०२ या हलक्या स्टीललाही चिकटत नाही. अशानेच लोक फसतात.

ठाणे_पूर्व : माझ्या सहा वर्षांत गंजल्या नाहीत, एवढं मला कळतं.

शुभं_भवतु : जड कपाट नैऋत्येलाच हवं. दार कुठल्या दिशेला उघडतं?

माळ्यावरची_पिंपं : सरकती दारं करणार असाल तर रुळांत तीन-चार इंच जातात. हँगरला आत बावीस इंच तरी लागतात. आम्ही हे विसरलो, आता सगळे शर्ट तिरके. बरं, कपाटाच्या भिंतीपलीकडे काय आहे?

हळदीचं_दूध : बाथरूम. खाली फूटभर पोपडे आलेत, पण रंगारी म्हणाला पुट्टी मारली की जाईल.

रंधा_पटाशी : अहो ताई, हे आधी सांगायचं!! प्लाय घ्या नाहीतर सोनं घ्या, त्या भिंतीला टेकवलं की पहिल्याच पावसाळ्यात बुरशी. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, भिंत वाळू द्या, सुतार नंतर. सांगाड्यांना खाली चार इंची पीव्हीसीचे पाय, प्लाय फरशीला टेकता कामा नये.

ठाणे_पूर्व : याच्याशी मात्र सहमत.

शुभं_भवतु : दिशा सांगितली नाहीत.

हळदीचं_दूध : प्लॅस्टिक लावलं होतं. थेंब आतल्या बाजूलाच. सुतार म्हणतो सोमवार गेला तर दुसरं काम धरेन, मग थेट गणपतीनंतर. नवरा म्हणतो, मी म्हणालोच होतो. तो फक्त प्लाय म्हणाला होता!

कडप्पाच_बरा : तुकडे टाकलेत का? कुंड्यांखाली दोन हवे होते, डोंबिवलीलाच असतो.