कॅम्पसची रात्रीची सुरक्षा: २०० कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आलाय, समितीत नेमकं काय मागायचं?

समिती_प्रतिनिधी
विद्यापीठाचा परिसर बराच पसरलेला आहे. वाचनालय रात्री ११ ला बंद होतं. तिथून मुलींचं वसतिगृह दीड किलोमीटर, मध्ये झाडीचा पट्टा आणि बांधकाम चालू असलेला तुकडा. सुरक्षा समितीत विद्यार्थ्यांना दोन जागा मिळाल्या आहेत. प्रशासनाचा प्रस्ताव तयारच आहे: २०० कॅमेरे आणि एक मोबाइल अ‍ॅप. निधी एकदाच मिळणार, त्यामुळे नुसतं ‘सुरक्षा वाढवा’ म्हणून भागणार नाही. प्रस्तावात काय तपासावं आणि बदल्यात काय मागावं?

पिक्सेलमोजणी
कॅमेरे किती, हे विचारू नका. कुठल्या कॅमेऱ्यात किती मीटरवर चेहरा ओळखू येतो, ते विचारा. आयईसी ६२६७६-४ या पाळत-कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे अनोळखी माणसाची ओळख पटवायला दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. १०८०पी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे २५० च्या हिशेबाने जेमतेम ७.७ मीटरचा पट्टा. लेन्स ९० अंशांची असेल तर हे सगळं कॅमेऱ्यापासून ४ मीटरच्या आत संपतं. तोच कॅमेरा ८ मीटर उंच खांबावर चढवला तर ‘कुणीतरी गेलं’ एवढंच कळणार, आणि वरून टोपी किंवा डोकं दिसणार. फाटकं, जिने, वसतिगृहाचं दार इथे अरुंद कोनाची लेन्स, अडीच मीटरच्या आसपास उंचीवर. मोकळ्या वाटांवर रुंद कोन चालेल, पण तिथे ओळख पटेल ही अपेक्षा सोडा.

दुसरं, साठवण. ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी भरतो, ३० दिवसांत १.३ टीबी. २०० कॅमेऱ्यांना २६० टीबी. कोटेशनमध्ये डिस्क याच्या निम्म्या असतील तर एकतर फूटेज १५ दिवसांत पुसलं जाणार, नाहीतर चित्राचा दर्जा गुपचूप उतरवला जाणार. तक्रार बऱ्याचदा उशिरा येते, म्हणून तक्रार आल्याबरोबर त्या वेळेचं फूटेज वेगळं काढून ठेवणं हे कुठल्या पदाचं काम, ते लेखी घ्या. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एका टाइम सर्व्हरला जोडलेली हवीत. दोन कॅमेऱ्यांत सात मिनिटांचा फरक असला की माणूस कुठून कुठे गेला हे जुळवताच येत नाही.

देखभाल करारात लेन्स पुसणं लिहून घ्या. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळ्यावरून उजेड परत लेन्सवर आला की रात्रभर पडदा पांढराफटक.

दिवाबत्ती
त्या दीड किलोमीटरसाठी आधी दिवे. पूर्ण काळोखापेक्षा उजेड-अंधाराचे पट्टे जास्त त्रासाचे, कारण झगझगीत दिव्याखालून पुढे गेल्यावर डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घ्या आणि वाटेच्या मध्यावर दर ५ मीटरला दोन नोंदी करा: एक जमिनीवर आडवी, दुसरी दीड मीटर उंचीवर मीटर उभा धरून, चालणाऱ्याच्या समोरून. दुसरी सहसा कुणी घेत नाही, पण समोरच्याचा चेहरा आणि हात दिसणं तिच्यावरच आहे. ईएन १३२०१ या रस्त्यांच्या दिव्यांच्या युरोपीय मानकात पायवाटांसाठीच्या पी२ वर्गात जमिनीवर सरासरी १० लक्स आणि सगळ्यात अंधाऱ्या जागीही २ लक्स धरलेत. तोच आकडा मागा.

नवे खांब मागण्याआधी फांद्या छाटून घ्या. झुडपं ७५ सेंटीमीटरच्या वर नकोत, फांद्या २ मीटरच्या खाली नकोत. मधला पट्टा नजरेसाठी मोकळा. सलग खांब एकाच फेजवर असतील तर एक फेज गेला की अख्खी वाट काळोखात, म्हणून एक आड एक वेगळ्या फेजवर घ्यायला सांगा. आणि टायमर नको, फोटोसेल, म्हणजे अंधार पडला की दिवा आपोआप लावणारा. दिवस लहान झाला तरी टायमर बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

बांधकामाचे पत्रे आरपार दिसत नाहीत. वाटेला लागून असलेल्या भागात जाळी लावायला लावा.

कुलूपकिल्ली
वसतिगृहाच्या दाराला चुंबकी कुलूप आहे का ते पाहा. वीज गेली की ते उघडतं, आगीच्या वेळी तेच हवं असतं. असं कुलूप १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १४ तास आणि जुनी झाल्यावर त्याच्या कितीतरी कमी. बॅटरी बसते, दार सताड उघडं राहतं, मग रात्रपाळीचा गार्ड साखळी आणि टाळं लावतो. आत शंभर-दोनशे मुली असताना हे कॅमेऱ्याच्या प्रश्नापेक्षा फार मोठं आहे. वीज गेली तरी बाहेरून बंदच राहील आणि आतून नुसता दांडा ढकलला की उघडेल, अशी जोडणी मागा.

दार १० सेंटीमीटर उघडून सोडा. खट्कन लागलं नाही तर डोअर क्लोजरचा (दार आपोआप लावणारं यंत्र) शेवटच्या टप्प्याचा स्क्रू फिरवायला हवा, खर्च शून्य. दार उघडायचं कार्ड १२५ किलोहर्ट्झचं साधं असेल तर त्याची नक्कल सहज होते, नवी खरेदी एनक्रिप्टेड कार्डांचीच करा.

समिती_प्रतिनिधी
साखळीचं तपासतो. अ‍ॅपबद्दल काय मत?

कंट्रोलरूम
अ‍ॅप ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. इमारतीच्या आत जीपीएस मजला सांगत नाही, बॅटरी संपते, झाडीत नेटवर्क जातं. स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक दिव्याच्या खांबावर डोळ्यांच्या उंचीला मोठा क्रमांक रंगवायचा आणि त्याच क्रमांकांचा नकाशा कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावायचा. घाबरलेल्या माणसाला ‘खांब ११४’ एवढं सांगता येतं. बंद दिव्याची तक्रारही त्याच क्रमांकावर होते.

मग चाचणी: महिन्यातून एकदा, न कळवता, रात्री ११ नंतर एखाद्या खांबावरून फोन करायचा. फोन उचलायला किती सेकंद, गार्ड पोचायला किती मिनिटं, दोन्ही आकडे समितीपुढे. सोबतीची गाडी देणार असतील तर तिचंही असंच मोजा. १५ मिनिटं थांबावं लागलं तर मुली चालत निघतात.

तक्रारकक्ष
वर सगळं वाटेबद्दल झालं. लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत समोरचा ओळखीचा असतो: वर्गातला, प्रयोगशाळेतला, कधी मार्गदर्शकच. तिथे दिवा कामाचा नाही. विभागाच्या बाहेरच्या व्यक्तीकडे तक्रार करता येणं, पहिल्या दिवशी पोचपावती, आणि चौकशी चालू असताना तुकडी, वसतिगृह किंवा मार्गदर्शक बदलायची सोय, तीही तक्रारदाराला हलवून नव्हे, एवढं याच ठरावात घाला. दिव्यांचा निधी मंजूर झाला की हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात.